अमेरिकेकडे पाहणारी परंपरानिष्ठ दृष्टी : गोपाळराव, आनंदीबाई आणि रमाबाई यांच्या संदर्भात

१

जबलपूर जिल्ह्यातील मझौली हे गाव कलचुरिकालीन विष्णुवराहाच्या मंदिरामुळे इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. मराठी साहित्याच्या अभ्यासकाला तेथे जाण्याचे तसे काही कारण नाही. परंतु अठराव्या शतकाच्या अखेरीस गढामंडल्याचा हा मुलूख प्रथम सागरच्या मराठी अंमलाखाली आणि नंतर नागपूरकर भोसल्यांकडे गेला. १८१७ मध्ये जबलपूर इंग्रजांच्या ताब्यात आले, तरी त्या अमदानीत आलेली मराठी कुटुंबे या परिसरात राहिली. अशाच एका घरी, जबलपुरातील एका व्याख्यानाच्या निमित्ताने, जाण्याचा योग आला. यजमान निवृत्त शिक्षक; घरात बोली हिंदी, देवघरापुढची भाषा मराठी. मुलगा अमेरिकेत. बोलण्याच्या ओघात आनंदीबाई जोशी यांचा विषय निघाला आणि त्यांनी विचारले, “सर, गोपाळराव अमेरिकेत जाऊन त्या लोकांना जे सुनावत होते, ते म्हणणं चुकीचं होतं, की म्हणणारा माणूस चुकीचा होता?”

प्रश्न साधा वाटला. पण प्रवासात तो सोबत राहिला. मराठीतील अमेरिकाविषयक लेखनाची समीक्षा आपण बहुधा सुधारक-सनातनी या द्वंद्वाच्या आधारे करतो. अमेरिकेचे कौतुक करणारा तो सुधारक, तिच्यात दोष पाहणारा तो सनातनी, अशी ढोबळ वाटणी आपण गृहीत धरतो. परिणामी परंपरानिष्ठ टीकेला ‘अडथळा’ एवढेच स्थान उरते. एक दृष्टी म्हणून तिची रचना, तिची बलस्थाने आणि तिची अपुरेपणाची जागा यांचा शोध घेतला जात नाही. प्रस्तुत निबंधात तो शोध एकोणिसाव्या शतकातील तीन व्यक्तींच्या आधारे घ्यावयाचा आहे. या तिघांतील एक पतिपत्नी आणि तिसरी त्या पत्नीची आप्त, ही गोष्ट तुलनेसाठी विशेष सोयीची आहे. एकाच दशकात, एकाच शहराच्या परिसरात आणि जवळपास एकाच सामाजिक स्तरातून आलेली ही तीन माणसे अमेरिकेकडे तीन निरनिराळ्या तऱ्हांनी पाहतात.

२

या तिघांच्या आधी मराठी मनात अमेरिका कोणत्या रूपाने शिरली होती, हे लक्षात घ्यावयास हवे. तिचे पहिले रूप मिशनचे. अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले, पुढे अहमदनगर हे त्यांचे मोठे केंद्र झाले आणि तेथूनच १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ सुरू झाले. शाळा, छापखाना आणि धर्मांतर या तीन गोष्टी एकत्र घेऊन आलेली अमेरिका मराठी वाचकाने घरबसल्या पाहिली होती. दुसरे रूप जोतीराव फुले यांनी उभे केले. १८७३ च्या ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका त्यांनी अमेरिकेतील त्या लोकांना वाहिली, ज्यांनी काळ्या गुलामांच्या मुक्ततेसाठी झीज सोसली. अमेरिकेत न जाता फुल्यांनी अमेरिकेचा असा उपयोग केला, की तिच्या उदाहरणाने येथील शूद्रातिशूद्रांच्या दास्यावर प्रकाश पडावा.

ही दोन रूपे समोर ठेवल्याशिवाय परंपरानिष्ठ टीकेचा रोख कळत नाही. अमेरिका हा दूरचा देश म्हणून तिच्याविषयी कुणाला राग असण्याचे कारण नव्हते. राग होता तो तिचे नाव घेऊन येथे जे बोलले जाई त्याविषयी. मिशनरी म्हणत, तुमचा धर्म खोटा. फुले म्हणत, तुमची समाजव्यवस्था ही गुलामगिरी. अमेरिकन राहणीतले दोष दाखविणे हा या दोहोंना एकदम उत्तर देण्याचा मार्ग होता. अमेरिकेविषयीची परंपरानिष्ठ मते ही बव्हंशी घरच्या भांडणातील मते असतात, हे सूत्र येथे नोंदवून ठेवू. पुढे त्याचा उपयोग होईल.

३

गोपाळराव जोशी हे टपाल खात्यातील नोकर. पत्नीला शिकवावे या ध्यासातून त्यांनी अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांना पत्र लिहिले. ते पत्र वाइल्डरांनी आपल्या उत्तरासह अमेरिकेतील मिशनच्या मासिकात छापले, आणि त्या उत्तरातील सूर धर्मांतर सुचविणारा होता. न्यू जर्सीतील रोझेल येथील थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या हाती तो अंक योगायोगाने आला आणि त्यांनी आनंदीबाईंशी पत्रव्यवहार सुरू केला. मराठी स्त्रीच्या पहिल्या वैद्यकीय पदवीची कथा अशी एका नकारापासून सुरू होते. हा नकार गोपाळराव विसरले नाहीत.

१८८३ मध्ये आनंदीबाई एकट्याच अमेरिकेस गेल्या. गोपाळराव मागाहून निघाले आणि पॅसिफिकच्या बाजूने अमेरिकेत उतरून पूर्वेकडे आले. वाटेत आणि नंतरही त्यांनी व्याख्याने दिली. त्यांच्या टीकेचे विषय ठरलेले होते : ख्रिस्ती मिशनऱ्यांचे हेतू, पाश्चात्त्य स्त्रियांची राहणी आणि आपणच जगाला सुधारणार हा अमेरिकनांचा अभिमान. ज्यांचे अन्न खावे त्यांनाच तोंडावर सुनवावे, हा त्यांचा खाक्या कार्पेंटर बाईंच्या वर्तुळातील अनेकांना खटकला.

या टीकेकडे निव्वळ विक्षिप्तपणा म्हणून पाहण्याची प्रथा आहे. श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ (१९६८) या कादंबरीने गोपाळरावांची जी प्रतिमा रुजवली, तिचाही या प्रथेत वाटा आहे. परंतु तुलनात्मक अभ्यासात गोपाळराव एकटे नाहीत. त्यांच्या अर्धशतक आधी फ्रान्सिस ट्रोलप या इंग्रज बाई सिनसिनाटीत येऊन राहिल्या. तेथे थाटलेला त्यांचा बाजार बुडाला, त्या मायदेशी परतल्या आणि १८३२ मध्ये त्यांनी अमेरिकनांच्या घरगुती रीतिरिवाजांवर पुस्तक लिहिले. तंबाखूच्या पिचकाऱ्या, गडबडीने उरकलेली जेवणे, ‘नोकर’ हा शब्द सहन न करणाऱ्या मोलकरणी, पुरुषांपासून बाजूला बसणाऱ्या बायका, धर्मजागृतीच्या सभांमधील किंचाळ्या असे सारे त्यांनी टिपले. बाईंचा कल पुस्तक प्रसिद्ध होईतो उघडपणे परंपरानिष्ठ झाला होता. समतेच्या राज्यपद्धतीने माणसांचे वर्तन बिघडते, हा त्यांचा निष्कर्ष. तरीही स्वातंत्र्याचा जयघोष करणारा हा समाज त्याच वेळी गुलाम बाळगतो, हा विरोध त्यांच्या नजरेतून सुटला नाही.

परंपरानिष्ठ दृष्टीचे बलस्थान येथे दिसते. राज्यघटनेच्या कलमांपेक्षा तिला जेवणाचे ताट, अंगावरचे वस्त्र, धन्या-चाकराचे बोलणे यांत अधिक रस असतो. रोजच्या व्यवहारात समाज उघडा पडतो असे ती मानते, आणि ही धारणा चुकीची म्हणता येत नाही. शिवाय यजमानाची स्तुती करण्याचे बंधन तिच्यावर नसल्याने, प्रशंसक जे शिष्टाचाराने झाकतो ते ती बोलून दाखवते. धर्मप्रसार आणि परोपकार यांची गुंतवणूक गोपाळरावांनी ओळखली होती. वाइल्डरांच्या पत्राने त्यांना ती स्वतःच्या अनुभवातून शिकवली होती. तेव्हा मझौलीच्या शिक्षकांच्या प्रश्नाचा पहिला भाग असा सोडवता येतो : गोपाळरावांच्या म्हणण्यात तथ्य होते.

परंतु याच ठिकाणी ट्रोलप आणि गोपाळराव यांची वाट वेगळी होते. अमेरिकन सभेपुढे हिंदू रीतींचे समर्थन करणारे गोपाळराव मायदेशी परतल्यावर काय करतात? १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये त्यांनी पुण्यातील प्रतिष्ठितांना जमवले, त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि नंतर त्यांची नावे वृत्तपत्रातून जाहीर करविली. रानडे आणि टिळक दोघेही त्या प्रकरणात सापडले. ग्रामण्य उभे राहिले, प्रायश्चित्ताचा वाद झाला. अमेरिकेत अमेरिकनांना आणि पुण्यात पुणेकरांना अडचणीत आणणारा हा मनुष्य कोणत्या अर्थाने परंपरानिष्ठ? माझ्या मते गोपाळरावांची निष्ठा परंपरेवर नव्हती. समोरच्याचा दंभ फोडण्यावर होती. परंपरा हे त्यांचे अमेरिकेतील हत्यार होते. मायदेशी त्यांनी दुसरे उचलले. त्यामुळे त्यांच्या अमेरिकाटीकेला धार आहे, पण बैठक नाही.

४

बैठक होती ती आनंदीबाईंकडे. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी केलेले भाषण हे मराठी स्त्रीच्या परदेशगमनाचे पहिले जाहीर समर्थन म्हणून वाचले जाते. तसे ते आहेच. परंतु त्या भाषणाची रचना पाहिली तर ते एक वचनपत्रही आहे. मी हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणून राहीन आणि परत आल्यावर आपल्या लोकांतच राहीन, अशा आशयाची हमी त्यांनी तेथे दिली. समाजाची संमती मिळविण्यासाठी दिलेल्या या हमीला पुढे त्यांनी शब्दशः जागायचे ठरविले. शाकाहार सोडला नाही, साडी सोडली नाही, कुंकू सोडले नाही.

येथे परंपरानिष्ठ मत बोलून दाखवण्याची गोष्ट राहत नाही. ते अंगावर वागवावे लागते. फिलाडेल्फियाच्या हिवाळ्यात नऊवारीने पोटऱ्या उघड्या राहतात, हे गोपाळरावांच्या व्याख्यानांत कोठे येण्याचे कारण नव्हते. आनंदीबाईंना मात्र ते रोज जाणवत होते. अखेर त्यांनी गुजराती धाटणीने साडी नेसण्यास प्रारंभ केला. हा बदल आज क्षुल्लक वाटेल. परंतु दूर असलेल्या पतीला तो कळवावा लागतो आणि त्याच्या संशयाला उत्तरे द्यावी लागतात, यातच त्याचे वजन आहे. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेल्या चरित्रामुळे (१८८९) हा पत्रव्यवहार मराठी वाचकांपुढे आला, आणि पुढे अंजली कीर्तने यांच्या संशोधनाने त्याला भक्कम आधार दिला. ही पत्रे वाचताना जाणवते ते असे, की अमेरिकेविषयी बरेवाईट मत देण्याची चैन आनंदीबाईंना फारशी परवडलीच नाही. त्यांची सारी शक्ती स्वतःचे वर्तन दोन्ही बाजूंना समजावून देण्यात खर्च होत होती.

१८८५ मधील एक प्रसिद्ध छायाचित्र या संदर्भात पुन्हा पाहण्यासारखे आहे. वैद्यकीय महाविद्यालयातील तीन विद्यार्थिनी : आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या इस्लामबुली. तिघीही आपापल्या देशाच्या वेशात. आपण या छायाचित्राकडे आशियाई स्त्रियांच्या कर्तृत्वाचा पुरावा म्हणून पाहतो. त्याच वेळी त्यात दुसरेही काही आहे. अमेरिकन प्रेक्षकाला ‘पौर्वात्य स्त्री’ तिच्या मूळ वेशातच हवी होती. आनंदीबाईंनी साडी सोडू नये असे गोपाळरावांना वाटत होते ते धर्माच्या अभिमानाने. यजमानांना वाटत होते ते कुतूहलाने. परंपरेचा आग्रह आणि नवलाईची हौस यांची मागणी एकच ठरली, आणि ती एका विशीतल्या मुलीने पुरी करायची होती. परंपरानिष्ठ दृष्टी आणि तिला ज्या अमेरिकेचा राग येतो ती अमेरिका यांचे असे नकळत संगनमत होऊ शकते, ही गोष्ट आपल्या समीक्षेने पुरेशी लक्षात घेतलेली नाही.

आनंदीबाईंनी या कोंडीतून बौद्धिक वाट काढण्याचा जो प्रयत्न केला, तो त्यांच्या प्रबंधात दिसतो. आर्य हिंदूंमधील प्रसूतिविद्या हा विषय निवडून त्यांनी अमेरिकन परीक्षकांपुढे संस्कृत ग्रंथांचे दाखले मांडले. ज्ञान केवळ पश्चिमेकडून येते या समजाला दिलेले ते शांत उत्तर होते. मात्र त्या उत्तरासाठी जी परंपरा प्रमाण मानावी लागली, तिच्याच रीतींनी येथील प्रसूत स्त्रीचे काय हाल होत, हे त्यांना स्वतःला ठाऊक होते. चौदाव्या वर्षी झालेले आणि गेलेले मूल हेच तर त्यांच्या वैद्यकशिक्षणाचे मूळ होते. प्रबंधात हे दुःख येत नाही. शास्त्रीय लेखनाच्या संकेतात ते येणारही नव्हते. परंतु ते न येण्याने प्रबंधातील परंपरा अधिक निर्दोष भासते, हेही खरे.

११ मार्च १८८६ रोजी पदवी, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात मृत्यू. कोल्हापूरच्या इस्पितळातील नेमणूक कागदावरच राहिली. त्यांच्या अस्थी कार्पेंटर बाईंकडे पाठविण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या. परत येऊन आपल्या लोकांत राहीन हे वचन त्यांनी पाळले. अस्थी मात्र तिकडे गेल्या. यावर भाष्य करण्याचा मोह टाळलेला बरा.

५

आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभासाठी पंडिता रमाबाई इंग्लंडहून अमेरिकेस आल्या आणि १८८८ च्या अखेरपर्यंत तेथे हिंडल्या. त्या तोवर ख्रिस्ती झालेल्या होत्या. परंपरानिष्ठांच्या दृष्टीने त्यांनी अमेरिकेविषयी बोलण्याचा अधिकारच गमावला होता. १८८९ मधील ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हा ग्रंथ मराठीत दीर्घकाळ बाजूला पडला यामागे हे एक कारण असावे. मीरा कोसंबी यांच्या इंग्रजी अनुवादानंतर, म्हणजे २००३ नंतर, त्याची चर्चा पुन्हा सुरू झाली. ती प्रथम इंग्रजीतून व्हावी, ही आपल्या विद्यापीठांना विचारात पाडणारी बाब आहे.

या ग्रंथात राज्यव्यवस्था, गृहस्थिती, शिक्षण, धर्मसंस्था आणि स्त्रियांची स्थिती अशी क्रमवार प्रकरणे आहेत. प्रशंसेचा सूर स्पष्ट आहे. स्त्रियांच्या संघटना आणि मद्यपानविरोधी चळवळ यांविषयी लिहिताना तो उंचावतो. पण ग्रंथाचे मोल प्रशंसेत नाही. रमाबाई मूलनिवासींवर झालेले अन्याय सांगतात, कृष्णवर्णीयांविषयीचा द्वेष सांगतात, शरीर आवळणाऱ्या पोशाखावर आणि टोपीवर पक्षी मिरविण्याच्या हौसेवर टीका करतात. यातील पोशाखाचा मुद्दा गोपाळरावांच्या मुद्द्याशेजारी ठेवून पाहावा. विषय एकच, परंतु गोपाळरावांना पाश्चात्त्य स्त्रीची राहणी ही आपल्या रीतीच्या श्रेष्ठत्वाचा पुरावा वाटते, तर रमाबाईंना तो आवळलेला देह स्त्रीच्या पारतंत्र्याची आणखी एक तऱ्हा वाटते. ज्या मापाने त्या येथील विधवेची स्थिती मोजतात त्याच मापाने तेथील स्त्रीची. माप घरी आणि बाहेर एकच असणे, हा या ग्रंथाचा नैतिक कणा आहे.

तोकव्हिलचे स्मरण येथे अपरिहार्य आहे. १८३५ आणि १८४० मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथाचा लेखक उमराव घराण्यातला. जुन्या व्यवस्थेची ओढ त्याच्या मनात शिल्लक होती. तरी अमेरिका पाहताना तो सतत फ्रान्सचा विचार करतो, आणि म्हणूनच त्याची साशंकता तुच्छतेत उतरत नाही. परंपरेशी नाते असणे आणि परकीय समाज न्यायाने पाहणे यांत विरोध नाही, हे तो दाखवून देतो. रमाबाईंचे परंपरेशी नाते तुटलेले होते असे आपण मानतो. परंतु संस्कृत विद्येने घडलेली चिकित्सक बुद्धी घेऊनच त्या अमेरिका वाचत होत्या.

६

विसाव्या शतकाचा आढावा घेणे हा या निबंधाचा विषय नाही. तरी दोन वळणे नोंदविणे आवश्यक आहे. पहिले, १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या डॉ. आंबेडकरांनी फुल्यांच्या अर्पणपत्रिकेचे सूत्र पुढे नेले. जात पाठीशी घेऊन गेलेल्या विद्यार्थ्याला अमेरिकन जेवणघरात प्रथमच बरोबरीने बसता येते, तेव्हा तो तेथील रीतिरिवाजांना बाटगे म्हणणार नाही. अमेरिकन दैनंदिन जीवनाविषयीची परंपरानिष्ठ अस्वस्थता ही सर्व मराठी समाजाची अस्वस्थता कधीच नव्हती. ती ज्यांना येथे काही गमवायचे होते त्यांची होती.

दुसरे वळण १९६५ च्या अमेरिकन स्थलांतर कायद्यानंतरचे. शिकलेली मराठी मुले मोठ्या संख्येने गेली आणि घरी आईवडील राहिले. जयवंत दळवी यांच्या ‘संध्याछाया’ या नाटकात अमेरिका रंगमंचावर येत नाही. ती पत्रांतून आणि वाट पाहण्यातून जाणवते. अमेरिकन माहिती कचेरीत अनेक वर्षे नोकरी केलेल्या लेखकाने हे नाटक लिहावे, यात विसंगती नाही. त्या देशाचे आकर्षण त्यांनी जवळून पाहिले होते. या नाटकात मांसाहार, पेहराव, धर्म हे आक्षेप मागे पडतात. नाना-नानींची तक्रार एवढीच की घरात कोणी नाही. परंपरानिष्ठ टीका येथे आचाराकडून आस्थेकडे सरकली आहे. मला ही सरकण महत्त्वाची वाटते. कारण धर्म बुडाल्याच्या तक्रारीत दुसऱ्यावर हुकमत चालविण्याची इच्छा असते, एकटेपणाच्या तक्रारीत ती नसते. मात्र येथेही प्रश्न उरतोच. मुलाने जावे यासाठी याच पिढीने काटकसर केलेली असते, आणि मग जाण्याचा दोष त्या देशाच्या माथी मारला जातो.

७

आता मूळ प्रश्नाकडे. गोपाळरावांचे म्हणणे चुकीचे, की माणूस? या विवेचनातून परंपरानिष्ठ मतांची परीक्षा करण्यास दोन कसोट्या हाती येतात. एक, टीकाकार परक्या समाजाला लावलेले माप घरी लावतो काय? दोन, त्याच्या मताची किंमत कोण मोजते? पहिल्या कसोटीवर रमाबाई उतरतात. दुसऱ्या कसोटीवर गोपाळराव थांबतात; त्यांच्या मताची किंमत आनंदीबाईंनी मोजली. म्हणणे खरे असूनही ते ज्याच्या तोंडी आहे त्याने ते दुसऱ्याच्या देहावर पेलले असेल, तर समीक्षेने दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या पाहिजेत. एक सांगून दुसरी लपविणे हा सुधारकी वाचनाचा दोष आहे, तसाच तो सनातनी वाचनाचाही.

शेवटी मझौलीच्या परिसराशी जोडलेली एक गोष्ट. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांत होरपळला. जबलपूर जिल्ह्याला त्याची झळ फार मोठी बसली. त्या वेळी रमाबाई मध्य प्रांतात आल्या आणि निराधार मुली-स्त्रियांना घेऊन पुण्याकडे परतल्या. पुढे केडगावला त्यांची वसाहत उभी राहिली. रमाबाईंच्या कार्यामागे १८८७ मध्ये बॉस्टनला स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनचा पैसा होता. अमेरिकन पैशामागे धर्मांतर आहे, असे पुण्यातील परंपरानिष्ठ म्हणत होते, आणि पुढील इतिहास पाहता ते पूर्ण खोटे नव्हते. पण त्या मुलींना उचलण्यासाठी त्या वर्षी आणखी कोण आले होते, असे मी त्या शिक्षकांना विचारले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “आमच्या आजी सांगायच्या, त्या साली गावात मोजायला माणसं उरली नव्हती.” आमचे बोलणे तेथेच थांबले.